बुधाजींचं कोपर

बुधाजी गमरे यांची डावीकडची खालची दाढ दसऱ्यापासून ठणकत होती. ती काढून घेण्यासाठी ते तीनदा लालबागच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि तीनदा दाढेसकट परत आले. यात डॉक्टरांची काडीची चूक नव्हती. घोडपदेवच्या चाळीतून गाल धरून निघालेले बुधाजी दवाखान्याच्या दारात चपला काढेपर्यंत अर्धे बरे व्हायचे. आतून मशीनचा किर्र आवाज आला की उरलेले अर्धे. मग नाव पुकारलं की ते उभे राहायचे आणि बाहेरच्या मुलीला सांगायचे, की आता मला काहीच होत नाही, उगाच डॉक्टरांचा वेळ कशाला घेऊ. रस्ता ओलांडून भारतमाताच्या स्टॉपवर पोचले की दाढ पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी बकुळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दाढ लबाड आहे की नवरा लबाड आहे ते एकदाचं ठरवा असं सांगून विषय संपवला.

ही हकिकत बुधाजींनी कामावर नूपुरला सांगितली ती तिने जरा हसावं म्हणून. पोरगी बरेच दिवस हसली नव्हती. पण ती हसली नाहीच. स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सांगा.

बुधाजी परळच्या एका कॉलेजात प्राणिगृह सांभाळत. इमारतीचा पाचवा मजला, लिफ्ट चौथ्यापर्यंत, आणि वर चारशे पांढरे उंदीर. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं, आणि शिकणारी मुलं मागतील तो उंदीर मागतील तेव्हा हातात द्यायचा. बत्तीस वर्षं हेच. येत्या मार्चअखेरीला ते रिटायर होणार होते, आणि बत्तीस वर्षांत त्यांच्या सर्व्हिस बुकात एकही वाकडी ओळ लागली नव्हती. ना मेमो, ना ताकीद. याचा त्यांना इतका अभिमान, की मुलीचं लग्न ठरताना व्याह्यांना चहा द्यायच्या आधी त्यांनी सर्व्हिस बुकाची गोष्ट सांगितली होती. व्याही बिचारे बेस्टमधले. त्यांना ते मुलगी गोरी आहे की काळी यापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

नूपुर कर्णिक दादरची, औषधशास्त्रात पीएचडी करणारी, चौथ्या वर्षाला असलेली. घाबरलेल्या प्राण्याला दुखणं कमी का जाणवतं, हा तिचा विषय. मांजर मागे लागलेल्या उंदराच्या पायात काटा गेला तर तो पाय चाटत बसत नाही, आधी पळतो. तेवढ्या वेळापुरतं मेंदूच ते दुखणं दाबून ठेवतो. जीव वाचला की मग दुखायला मोकळा.

"काका, तुमची दाढ म्हणजे माझा थिसिस आहे," नूपुर म्हणाली.

बुधाजींना बरं वाटलं. आपल्या दाढेचा कुणाला तरी उपयोग आहे हे ऐकायला कोणाला आवडणार नाही. मग नूपुरने त्यांना पुढचं सांगितलं, आणि बत्तीस वर्षं डॉक्टरांची बोलणी ऐकलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. मेंदू म्हणे स्वतःची अफू स्वतःच बनवतो. भीती वाटली की ती सुटते आणि दुखणं दबतं. नूपुरकडे एक औषध होतं, जे या घरच्या अफूचं काम बंद पाडतं. ते औषध टोचलेल्या उंदराला घाबरवलं, आणि घाबरूनही त्याला दुखलं, की सिद्ध झालं: दुखणं दाबत होती ती अफूच. बुधाजींनी विचारलं, आणि नाही दुखलं तर? नूपुर म्हणाली, तर माझी चार वर्षं गेली.

घाबरवायची रीत अशी होती, की उंदराला तीन मिनिटं टबात पोहायला सोडायचं. खोल पाणी, वीस अंशाचं. मग पुसून कोमटाहून जरा गरम अशा तव्यावर ठेवायचं, आणि तो किती सेकंदांनी पाय उचलून चाटतो ते घड्याळावर बघायचं. चाटला की लगेच उचलून घ्यायचा. यात एक पथ्य होतं. कोणता उंदीर पोहून आलाय आणि कोणता नाही, हे नूपुरला कळता कामा नये. कळलं तर घड्याळावरचं बोट नकळत लबाडी करतं, असं तिच्या गाइड डॉक्टर कालिंदी रेगे यांचं म्हणणं. त्यांना सगळा मजला मोठ्या मॅडम म्हणायचा, आणि त्यांचं म्हणणं हा कायदा होता. म्हणून पोहण्याचं काम मागच्या खोलीत, दार लावून, प्राणिगृहातल्या माणसानेच करायचं. न पोहलेला उंदीरही ओला करून पुसून द्यायचा, म्हणजे अंगावरून ओळख पटू नये. सोमवार, बुधवार, शुक्रवार ही पाळी बुधाजींची. मंगळवार, गुरुवार, शनिवार धोंडू परबची.

आता मुंबईच्या नळाला वीस अंशाचं पाणी डिसेंबरातसुद्धा येत नाही. त्यामुळे कॅंटीनमधून बर्फ आणायचा, टबात टाकायचा, ढवळायचं, थर्मामीटर लावायचा, वीस झालं की रजिस्टरात तारीख, उंदराचा नंबर, तापमान आणि सही. पहिल्या सोमवारी बुधाजींनी हे सगळं शिस्तीत केलं. मग सात नंबरचा उंदीर उचलला. पाण्याचा गारवा खालूनच लागला असेल, उंदराने चारही पायांनी त्यांचा अंगठा धरला आणि सोडेना.

इथे बकुळाबाईंबद्दल सांगायला हवं. बकुळाबाई तीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम करत होत्या. घोडपदेवपासून काळाचौकीपर्यंत निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाली होती, त्यातली काही आता स्वतःची पोरं घेऊन यायची. सुरुवातीच्या काळात बादल्या उचलायला बुधाजी सोबत जायचे, आणि तिथे त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. पाण्याला हात लावून बघायचं नाही. कामाने हात निबर होतो, त्याला गरम कळत नाही आणि गारही कळत नाही. कोपर बुडवायचं. कोपर खोटं बोलत नाही, असं बकुळाबाई म्हणायच्या. आणि गार पाण्यात कोणाचंही लेकरू घालायचं नाही, मग ते शेजारणीचं असो की वैरिणीचं.

बुधाजींनी उंदराला परत पिंजऱ्यात ठेवलं, चहाची इलेक्ट्रिक किटली लावली, आणि दोन किटल्या उकळतं पाणी बर्फाने मोठ्या मेहनतीने गार केलेल्या त्या टबात ओतलं. कोपर बुडवलं. बेताचं लागलं. मग उंदीर सोडला. पाणी खोल होतंच, त्यामुळे उंदीर घाबरायचा तेवढा घाबरलाच. बुधाजींचा हिशेब साधा होता. भीती हा नूपुरचा विषय आहे, भीती राहू दे. गारठा हा कोणाचाच विषय नाही, मग तो कशाला?

आणि रजिस्टरात खोटं असं काही नव्हतं. थर्मामीटर लावला तेव्हा पाणी वीसच होतं. त्यानंतर काय झालं, याचा रजिस्टरात रकानाच नव्हता. असा दोन महिने दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी बर्फ टाकून गार केलेलं पाणी गरम करण्याचा उद्योग चालला. सरकारी नोकरीत याहून उलटे उद्योग त्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

जानेवारीत नूपुरने बंद पाकिटं उघडली, कोणता उंदीर पोहला होता आणि कोणता नाही हे आकड्यांशी जुळवलं, आणि डोकं धरून बसली. निम्म्या दिवशी तिचं औषध अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चालत होतं. घाबरलेल्या उंदरांना दुखत होतं. उरलेल्या निम्म्या दिवशी त्याच औषधाचा ढिम्म परिणाम नव्हता. आणि दिवस तर असे वाटले गेले होते, की सोमवार-बुधवार-शुक्रवार सगळे शहाणे आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार सगळे वेडे.

तिने सगळं करून पाहिलं. दाण्याच्या गोण्या तपासल्या, औषधाच्या बाटल्या बदलल्या. शेजारी गिरणीच्या जागेवर टॉवर उठत होता, त्याचा खांब ठोकायचा आवाज उंदरांना त्रास देत असेल म्हणून ती तिथल्या वॉचमनला विचारून आली, की हे फक्त मंगळवार, गुरुवार, शनिवारच ठोकता का. तो म्हणाला, मॅडम, रोज ठोकतो, तुम्ही कधी पण या. गिरगावच्या तात्यांनी, म्हणजे तिच्या आईच्या काकांनी, फोनवर सांगितलं की मंगळवार आणि शनिवार हे वारच नव्या कामाला वाईट. गुरुवारचं काय, असं तिने विचारल्यावर तात्यांनी फोन ठेवला.

शेवटी तिची नजर भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्यावर गेली.

सोमवारी सकाळी ती बुधाजींना मागच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. महिनाअखेरीला तिला सगळं काम मोठ्या मॅडमपुढे मांडायचं होतं. निम्मे आकडे असे असले तर मॅडम म्हणाल्या होत्या, की पुन्हा पहिल्यापासून कर नाहीतर सोड. सोडण्याचं पत्र तिने लिहूनही ठेवलं होतं, बॅगेत होतं. पण आता तिला कारण सापडलं होतं. धोंडूकाका. ते पाण्याकडे लक्ष देत नाहीत, तंबाखू मळत बसतात, मनाला येईल ते रजिस्टरात लिहितात. मॅडम गावाला गेल्या आहेत, बुधवारी येतील, आल्या की धोंडूकाकांना समोर बोलावणार. कबूल केलं तर ठीक, नाहीतर ऑफिसला लेखी तक्रार आणि उंदरांच्या कामावरून बदली.

"तुमचे दिवस बघा काका, सोन्यासारखे," नूपुर म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमचं रजिस्टर मी उघडूनसुद्धा बघितलं नाही. तुमच्यावर शंका घ्यायची म्हणजे पाप."

बुधाजींना एवढंच जाणवलं, की सकाळपासून ठणकणारी दाढ एकदम गप्प झाली आहे. किर्र आवाज कुठेच नव्हता, पांढऱ्या कोटातला डॉक्टर नव्हता, तरी दाढ गप्प. ते इतके दिवस नूपुरच्या तोंडून ऐकत होते ते हेच. उंदराच्या मागे मांजर लागलं होतं.

धोंडू परब कणकवलीकडचा. तोंडाने फाटका, उंदरांनासुद्धा 'मेल्या' म्हटल्याशिवाय हाक न मारणारा. त्याच्याबद्दल कोणालाही वाईट शंका यावी असाच त्याचा अवतार होता. पण त्याच्याबरोबर एकवीस वर्षं काढलेल्या बुधाजींना ठाऊक होतं, की या मजल्यावर नियमाने चालणारा एकच माणूस आहे आणि तो धोंडू आहे. त्याला वीस सांगितलं तर तो वीसच करणार. त्या दिवशी दुपारी दोघे रोजच्यासारखे डबा खायला बसले. सोमवार म्हणून धोंडूच्या डब्यात मासे नव्हते, काळ्या वाटाण्याची उसळ होती. त्याने रोजच्यासारखी अर्धी उसळ बुधाजींच्या झाकणात ओतली आणि वाटाणा सांभाळून चाव म्हणाला, दाढ आहे. एरवी एक वाटाणा दाढेखाली आला की बुधाजींना ब्रह्मांड आठवायचं. त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी उसळ कडाकडा खाल्ली आणि काही कळलं नाही. चवही कळली नाही.

मंगळवारी पौर्णिमा होती. संध्याकाळी चाळीच्या खालच्या विहारात वंदना होती आणि बकुळाबाई नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या वर एक पट्टी आवाज लावून. पंचशील सुरू झालं. प्राणिमात्रांची हिंसा न करण्याचं पहिलं शील बुधाजींनी नेहमीपेक्षा जोरात म्हटलं. दुसरं, तिसरं ठीक गेलं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे त्यांचा आवाज बसला. बाजूचे दोघे म्हणत राहिले, बुधाजी हात जोडून नुसते ओठ हलवत राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात बकुळाबाईंना पाठीमागच्या गर्दीतला नवऱ्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तो बंद पडलेलाही ऐकू आला.

जिन्यात त्यांनी विचारलं, आणि बुधाजींनी सांगून टाकलं. किटली, कोपर, धोंडू, गप्प झालेली दाढ, सगळं. बकुळाबाई दोन पायऱ्या चढून थांबल्या.

"पहिलं शील पाळायला गेलात आणि चौथं बुडवलंत," त्या म्हणाल्या. "उंदरांवर दया केलीत. धोंडूभावजींवर कोण करणार?"

बुधाजी म्हणाले, की सर्व्हिस बुक आहे. मार्च दोन महिन्यांवर आलाय. बत्तीस वर्षांत एक ओळ नाही. बकुळाबाई म्हणाल्या, मग ते बुक घेऊन बसा आणि त्याच्याशीच डबा खा. एवढं बोलून त्या वर गेल्या. बुधाजी जिन्यात उभे राहिले. त्यांची दाढ अजिबात दुखत नव्हती, आणि ती दुखावी असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बुधवारी दहा वाजता मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये धोंडू उभा होता, नूपुर बसली होती, आणि टेबलावर धोंडूच्या पाळीची रजिस्टरं उघडी होती. मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, की पाणी किती अंशाचं असतं. धोंडूला आपल्यावर काय आलं आहे ते अजून नीट कळलं नव्हतं, पण पाण्याबद्दल शंका घेतली जातेय एवढं कळलं आणि त्याचा आवाज चढला.

"वीस म्हणजे वीस. साडेवीस झाला तर मी आणखी बर्फ टाकतंय. माका सांगितलला तसा मी करतंय."

तेवढ्यात बुधाजी दार न वाजवता आत आले. बत्तीस वर्षांत ते त्या केबिनमध्ये न वाजवता कधी आले नव्हते, त्यामुळे मॅडम रागवायच्याही विसरल्या.

"मॅडम, धोंडू खरं बोलतोय," बुधाजी म्हणाले. "त्याच्या पाळीला पाणी वीसच असतं. माझ्या पाळीला नसतं. मी वीस लिहितो आणि मग दोन किटल्या गरम ओततो."

बाहेरून तेवढा टॉवरचा खांब ठोकल्याचा आवाज आला. नूपुर बुधाजींकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच म्हटलं, की काका, मी तुमचं रजिस्टर तपासलंसुद्धा नाही. बुधाजींनी मान खाली घातली. धोंडूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मॅडम मात्र टेबलावर पेन्सिल टकटक वाजवत होत्या. त्यांना काही सुचलं की त्या असंच करायच्या, आणि कोणाची हजेरी घ्यायची असली तरी असंच करायच्या. त्यामुळे तिघांपैकी कोणालाच अंदाज येत नव्हता. मग त्यांनी विचारलं, पाणी किती गरम होतं?

"कोपराला बेताचं लागेल इतकं, मॅडम."

"आकडा सांगा."

"कोपराला आकडे येत नाहीत, मॅडम."

मॅडम नूपुरकडे वळल्या आणि दोघी भराभर इंग्रजीत बोलायला लागल्या. बोलता बोलता नूपुरच्या चेहऱ्याचा रंग बदलत गेला. शेवटी तिला राहवलं नाही आणि ती बुधाजींना आणि धोंडूला मराठीत समजावू लागली, तिला स्वतःलाही ते पुन्हा ऐकायचं असावं. मेंदूत दुखणं दाबायचे रस्ते दोन आहेत. एक अफूचा, दुसरा वेगळ्याच रसायनांचा. उंदीर गारठ्यात पडला की मेंदू दुसरा रस्ता धरतो, कोमट पाण्यात पोहला की पहिला. असं जुन्या लोकांनी लिहून ठेवलेलं होतं, तिने वाचलंही होतं, पण वाचून बाजूला ठेवलं होतं. तिचं औषध फक्त पहिला रस्ता अडवतं. म्हणून ते बुधाजींच्या उंदरांवर चाललं आणि धोंडूच्या उंदरांवर चाललं नाही. धोंडूचे आकडे खोटे नव्हते. बुधाजींचे बरोबर दिसणारे आकडेच चुकीच्या पाण्याचे होते. आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर तिच्या थिसिसला जे चार वर्षं मिळत नव्हतं ते त्यात होतं.

"असतं," मॅडम म्हणाल्या. "पाण्याचा आकडा माहीत असता तर. आज एक सव्वीसचं आणि उद्या एक अडतीसचं असेल, तर हे सगळं टोपलीत टाकायचं. चला मागच्या खोलीत."

पुढचे चार तास त्या मजल्यावर जे झालं ते कॉलेजच्या इतिहासात कुठे लिहून ठेवलं जाणार नाही, म्हणून इथे लिहितो. बुधाजींना टबापाशी, थर्मामीटरचा आकडा दिसणार नाही असं उभं केलं. बाही दंडापर्यंत वर. धोंडूने बर्फ फोडायचा, बुधाजींनी किटली ओतायची, कोपर बुडवायचं आणि मनासारखं झालं की फक्त "हां" म्हणायचं. नूपुरने आकडा वाचायचा, पण तोंडाने नाही, बोटाने मॅडमना दाखवायचा. मॅडमनी लिहायचा. बुधाजींना काही कळू द्यायचं नाही. ज्या पथ्यामुळे हा सगळा घोळ झाला, तेच पथ्य आता कोपराला लावलं होतं.

एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्या वेळी मॅडमनी न सांगता टबातलं पाणी निम्मं केलं. सातव्या वेळी किटली अर्धीच तापवली. आठव्या वेळी धोंडूला खूण करून दुप्पट बर्फ टाकायला लावला आणि धोंडूने तो तिप्पट टाकला, कारण त्याच्या मनात राग होता. बुधाजी किटल्यांमागून किटल्या ओतत राहिले, कोपर बुडवत राहिले, चुकतंय असं वाटलं तर थांबून पुन्हा चार पेले टाकत राहिले. त्यांना वाटत होतं, की ही आपली शिक्षाच चाललीय, आणि वाईट शिक्षा नाही. दहाव्या "हां" नंतर मॅडमनी कागद नूपुरपुढे धरला. बत्तीस, बत्तीस पूर्णांक दोन, एकतीस पूर्णांक आठ, बत्तीस, बत्तीस पूर्णांक एक. दहाच्या दहा वेळा पाणी बत्तीसच्या आसपास अर्ध्या अंशाच्या आत होतं.

"ठरल्या अंशाचं पाणी ठेवायला घेतलेल्या आपल्या वॉटर बाथला हे जमत नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि तो गेलं वर्षभर दुरुस्तीला आहे." त्या हसल्या नाहीत, पण पेन्सिलही वाजवली नाही.

मग त्यांनी निकाल सांगितला. जुने आकडे तसेच्या तसे वापरता येणार नाहीत. पण दिशा कळली. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कमिटीची परवानगी काढून बत्तीसच्या पाण्यात पुन्हा थोडे उंदीर, थर्मामीटर लावून, आणि नूपुरच्या तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर त्या स्वतः सही करतील. नूपुरने बॅगेतलं पत्र काढून तिथेच चार तुकडे केले आणि बर्फाच्या रिकाम्या बादलीत टाकले. बुधाजींबद्दल मॅडम म्हणाल्या, की जे झालं ते लेखी द्यावं लागेल, तुमच्या नावासकट, आणि सर्व्हिस बुकात एक ओळ येईल. ती मी टाळू शकत नाही. बुधाजींनी मान हलवली. ओळ काय असेल तेही त्यांनी वाचून दाखवलं: प्रयोगाच्या उंदरांना परवानगीविना कोमट पाणी दिले. बत्तीस वर्षं ज्या ओळीच्या भीतीने ते दर पंधरा दिवसांनी आस्थापनेच्या क्लार्कला चहा पाजत आले होते, ती ओळ ही. बुधाजींना वाटलं, एवढीच? बकुळाबाईंना ती फ्रेम करून लावायला आवडेल.

तरीही दाढ गप्पच होती. सही करताना गप्प, जिना उतरताना गप्प. जिभेने दाबून पाहिली, काही नाही. म्हणजे मांजर अजून मागेच होतं, आणि ते सर्व्हिस बुक नव्हतं.

तीन वाजता ते डबा खायच्या खोलीत गेले. धोंडू त्यांच्या आधी येऊन बसला होता. सकाळपासून तो बुधाजींशी एक शब्द बोलला नव्हता. एकवीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. धोंडू गप्प बसणं म्हणजे नळाचं पाणी जाण्यासारखं, आवाज बंद झाल्यावरच कळतं की तो चालू होता. बुधाजी समोर बसले आणि आपला डबा उघडला, पण हात पुढे जाईना. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की मी सोमवारीच सांगायला हवं होतं, दोन दिवस तुझ्या डब्यातलं खाल्लं आणि गप्प बसलो, माझी लाज. धोंडूने ऐकलं की नाही कळलं नाही. तो आपल्या डब्यातल्या बांगड्याकडे बघत होता. बुधवार होता. मग त्याने मधला तुकडा उचलला, जो तो दसऱ्यापर्यंत स्वतः खात आला होता आणि दसऱ्यापासून, दाढेमुळे, बुधाजींना देत आला होता, आणि तो बुधाजींच्या झाकणात टाकला.

"खा मेल्या," धोंडू म्हणाला. "की त्याच्यार पण गरम पाणी घालूक होया?"

बुधाजींनी घास घेतला. दाढेने एवढ्या जोरात ठणका दिला की तो कानातून डोक्यात गेला आणि डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. त्यांनी दोन्ही हातांनी गाल धरला. धोंडू घाबरून उठला आणि काटो लागलो काय रे, असं विचारत त्यांची पाठ थोपटायला लागला. बुधाजी मान हलवत होते, रडत होते आणि हसतही होते, आणि एका हाताने खिशातला फोन शोधत होते.

बकुळाबाई त्या वेळी काळाचौकीला एका बाळाला तेल लावत होत्या. फोन त्यांनी सकाळपासून जवळच ठेवला होता. तेलकट बोटाने त्यांनी तो उचलला.

"अगं, दाढ दुखायला लागली," बुधाजी म्हणाले.

पलीकडे बाळ रडत होतं. बकुळाबाईंनी त्याला थोपटलं. मग त्या म्हणाल्या, "सुटलात म्हणजे," आणि त्यांचाही आवाज बुधाजींना नीट ऐकू आला नाही. आता तरी डॉक्टरकडे जा, मी येते सोबत, दारातून पळू देणार नाही, असं काहीतरी त्या पुढे म्हणत होत्या.

बुधाजी हो हो म्हणत राहिले. समोर धोंडूने त्यांचं झाकण आपल्याकडे ओढून घेतलं होतं आणि तो बांगड्याचे काटे काढत बसला होता.